खात्रीशीर आलं

संगणकाबद्दल माझं मत चांगलं आहे. माझ्या बायकोचं नाही. आणि घर तिचं असल्यामुळं (कागदोपत्री माझं आहे, पण कागदाला कोण विचारतं!) संगणकाला आमच्याकडं पहिल्या दिवसापासून अंग चोरून राहावं लागलं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक कोपरा आहे, तिथं त्याचं टेबल. नेमका त्याच कोपऱ्यावर बायकोचा डोळा. तिला तिथं दोनशे लिटरचा निळा ड्रम बसवायचा होता. एक ड्रम मोरीत होता, पण एका ड्रमानं कुणाचं समाधान होण्याचे ते दिवस नव्हते.

दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत पाण्यापेक्षा बातम्या जास्त. आणि शहर तर असं सुटलेलं, की आज जिथं ज्वारी दिसली तिथं उद्या 'रो हाऊस बुक करा'ची पाटी. आमची कॉलनी या वाढीच्या अगदी शेपटाला. धरणातून पाणी आमच्याकडं यायला निघायचं, नाही असं नाही. पण वाटेत त्याला इतके ओळखीचे भेटायचे, की आमच्या नळापर्यंत पुष्कळदा त्याचा नुसता आवाज पोचायचा. आठवड्यातून एकदा पाणी यायचं. कुठल्या वेळी, ते कुणालाच माहीत नसायचं.

त्यामुळं झालं काय, की 'पाणी' हा शब्दच आमच्या कॉलनीत वापरातून गेला. कुणीही भेटलं, की एवढंच विचारायचं, "आलं का?" समोरच्यानं "आलं" किंवा "नाही आलं" म्हणायचं आणि चालू लागायचं. शेजारच्या तात्यासाहेबांची सून बाळंत झाली तेव्हा मी दवाखान्यात फोन करून सवयीनं विचारलं, "आलं का?" तात्यासाहेब म्हणाले, "बाळ आलं. ते नाही आलं अजून."

हे 'आलं' नीट लक्षात ठेवा. माझी पुढची सगळी बेअब्रू त्याच्यावर उभी आहे.

मी चितेगावला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. नट-बोल्ट मोजायला कंपनीनं संगणक आणला तेव्हा सगळे लांबून बघत होते. मी हात लावला. तेव्हापासून कुणाचा मेल जाईना, प्रिंटर कागद घेईना, की "रामहरीला बोलवा." माझा उपाय एकच: बंद करून परत चालू करणे. संगणकशास्त्रातलं जवळपास सगळं ज्ञान एवढंच आहे. जे थोडं उरतं, ते म्हणजे चालू करण्याआधी जरा गंभीर चेहरा करून थांबणं.

सॉफ्टवेअरबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. उदाहरणार्थ, अपडेट. अपडेट आणि आमचा नळ यांची शाळा एकच असावी. दोघंही नको तेव्हा येतात आणि आले की हातातलं सगळं टाकून उभं राहावं लागतं. दुसरं, ते 'मला नियम व अटी मान्य आहेत'. मी त्या अटी वाचतो. जगात दोघंच वाचतात, एक मी आणि एक ज्यानं लिहिल्या तो. त्याच्याबद्दलही मला शंका आहे. तिसरं, क्लाउड. तात्यासाहेबांना मी एकदा उत्साहानं सांगितलं, "आता सगळं क्लाउडवर असतं. क्लाउड म्हणजे ढग." महसूल खात्यातून रिटायर झालेला माणूस, अशी ऐकीव गोष्ट खपवून घेत नाही. ते गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, "कुठंय?"

बायकोचा राग मात्र एका जुन्या प्रकरणावरून. मोबाईलनं सांगितलं, 'औरंगाबाद, आज मुसळधार'. मी तिला गच्चीवरचे पापड आत घ्यायला लावले. घेतले. कडक ऊन पडलं. पापड आत दमट राहून बुरशी आली. चौकशीअंती कळलं, की तो पाऊस बिहारातल्या औरंगाबादचा. तिकडं खरंच मुसळधार झाला होता, म्हणजे माहिती अचूक होती. पण हे तिला पटवता येईना.

त्यावर कडी झाली. ती पैठणला माहेरी गेली होती आणि मी कानात हेडफोन घालून एका अपडेटची वाट बघत बसलो होतो. बाहेर आलं आणि गेलं. ती परतली, नळ उघडला, नळानं नुसता उसासा टाकला. बायको काही ओरडली नाही. ती न ओरडता बोलते तेव्हा मी पाणी पितो, आणि त्या दिवशी तेही नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली. "परत एकदा तुमच्या या डबड्यापायी आलेलं हुकलं, तर त्या कोपऱ्यात ड्रम बसेल. डबडं घ्या मग डोक्यावर."

डबडं! ज्याची रॅम मी स्वतःच्या हातानं बसवली, त्याला डबडं! त्याच क्षणी मी ठरवलं, की याच संगणकाच्या जोरावर कॉलनीतल्या एकाचंही पाणी हुकू द्यायचं नाही. वेबसाईट काढायची.

योजना साधी होती. आमच्या भागाचा व्हॉल्व्ह सांडू नावाचा माणूस उघडायचा. त्यानं व्हॉल्व्ह उघडला की मला मिस्ड कॉल द्यायचा. मी वेबसाईटवर टाकणार, कॉलनीला मेसेज जाणार, सगळे नळाखाली हजर. सांडू म्हणाला, "मिस्ड कॉल देतो, पर उचलू नका बरं. माझं बॅलन्स लई कमी ऱ्हातंय." मी त्याला शब्द दिला.

मग वेळापत्रक मिळतं का बघायला मी एका ऑफिसात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, तिथं मला अजून जायचंय. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "वेळापत्रक आहे की. पाण्याला माहीत नाही, एवढंच." मी म्हटलं, मी वेबसाईट काढतोय, मला माहिती द्या. ते म्हणाले, अर्ज करा. मी केला. त्यांनी विषय वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "वेबसाईट अर्धा इंची की पाऊण इंची?"

वेबसाईट तयार झाली. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत वर मोठ्ठं 'आलं!' आणि खाली 'किती आलं', 'कसं आलं', 'आजचं आलं'. सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. तात्यासाहेबांनी 'मार्गदर्शक' म्हणून स्वतःचा कोट घातलेला फोटो दिला आणि सांगितलं, "नुसतं 'आलं' मोघम वाटतं. 'खात्रीशीर आलं' लिहा." लिहिलं. समोरच्या पारूबाई म्हणाल्या, "समद्यांला सारखं, आसं लिव्ह बाबा. न्हाय तर वरच्या गल्लीवाले म्हनत्याल आमाला कमी." तेही लिहिलं. पारूबाईंच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता दोन शेळ्या आहेत. पण अख्खं खांड हाकल्याचा आवाज तसाच आहे, त्यामुळं त्यांचं ऐकावं लागतं. कोपऱ्यावर रिचार्जचं दुकान असलेले कय्युमभाई म्हणाले, "मियाँ, साइट बनाए तो दुनिया को मालूम होना. फुकट में नाम डालने की जगह रहती नेट पे. उसमें डालो."

टाकलं. त्या मोफत यादीचा फॉर्म भरताना मी प्रत्येक अट वाचली. वर्गात 'पाणी' नव्हतं, म्हणून त्यातल्या त्यात जवळचा 'रोजच्या गरजा, ताजा माल' निवडला. 'घाऊक की किरकोळ?' अख्ख्या कॉलनीचं काम, तेव्हा घाऊक. 'उत्पादक की मध्यस्थ?' मी काही पाणी उत्पन्न करत नाही. मध्यस्थ. आणि शहर निवडताना बिहार टाळून बरोबर महाराष्ट्र निवडलं. तिथं मी चुकलो नाही, हे कृपा करून नोंदवून घ्या. खाली माझा नंबर आणि 'मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू.'

दोनच दिवसांत पहिला मिस्ड कॉल आला. मी फोन लावला.

"मी पुण्याहून पिसाळ बोलतोय. तुमची वेबसाईट पाहिली."

पुणं! माझे कान गरम झाले. पुण्याच्या माणसाला आमच्या नळाची एवढी काळजी का, हा प्रश्न मला पडायला हवा होता, असं आता सगळेच म्हणतात. पण पुण्याच्या माणसानं आपलं काम पाहून फोन केला, की आमच्याकडच्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

"बोला, बोला!"

"आलं आहे का?"

"आलं ना! आज पहाटेच आलं."

"कसं आहे?"

"सुरुवातीला मातकट असतं थोडं. पण माल एकदम शुद्ध." माल हा शब्द मी विनोदानं वापरला होता.

"माती चालते हो. धुऊन घेऊ." पुण्यात पाणी धुऊन घेतात हे मला नवीन होतं, पण तिथं काहीही असू शकतं. "भरता कशात?"

"ड्रमात, हंड्यात, बादल्यांत. हाताला लागेल त्यात."

"ड्रमात खराब होत नाही?"

"चार दिवसांनी वास सुटतो. मग तुरटी फिरवतो."

"तुरटी!" ते थक्क झाले. "तुमच्याकडची पद्धतच निराळी. आणि भाव?"

इथं मला राग आला. "भाव? अहो पिसाळसाहेब, दुष्काळ आहे. अशा वेळी भाव लावणारे वेगळे. आम्ही सगळ्यांना सारखं देतो. साइटवर लिहिलंय तसं."

 ते भारावून म्हणाले, "साहेब, अशी माणसं राहिली नाहीत. मी रविवारी स्वतः गाडी घेऊन येतो. दहा टनी. फक्त तिथं माणसं लागतील."

"माणसं? अख्खी कॉलनी उभी करतो!"

फोन ठेवला आणि मी हिशेब केला. दहा टन म्हणजे दहा हजार लिटर. पुण्याचा एक दानशूर माणूस वेबसाईट बघून आमच्या कॉलनीला स्वखर्चानं टँकर आणत होता! मी बायकोकडं बघितलं. तिनं फक्त विचारलं, "टँकर म्हणाला का तो?"

"गाडी म्हणाला. दहा टनी. आता दहा टनी गाडीतून काय कुणी फुलं आणणारे?"

बातमी कॉलनीत पसरायला वेबसाईट लागली नाही, पारूबाई पुरल्या. तात्यासाहेबांनी सत्कार समिती नेमली आणि अध्यक्ष कोण या प्रश्नावर स्वतःशी एकमत केलं. आणि लोकांनी काय केलं, तर ताजं येणार म्हणून शिळं संपवलं. तळाशी राखून ठेवलेल्या पाण्यानं ड्रम घासले. तात्यासाहेबांनी स्कूटर धुतली, आठवड्यातून एकदा आंघोळ करणारी माणसं शनिवारी दोनदा न्हाली. कय्युमभाईंच्या घरी शहजादीभाभींनी गोधड्या धुवायला काढल्या. पारूबाईंनी शेळ्यांना आंघोळ घातली. शेळ्यांनाही काही तरी वेगळं घडतंय हे कळलं असावं, त्या दिवसभर ओरडत होत्या. एकटी माझी बायको आपल्या ड्रमावर झाकण घट्ट लावून बसली होती. पण शनिवारी संध्याकाळी माझी बहीण पोराबाळांसकट आली, पाहुण्यांना नाही म्हणता येईना, आणि आमचाही तळ लागला.

रविवारी सकाळी गल्लीत हंड्यांची रांग लागली. कुणीतरी रांगोळी काढली, पाण्याशिवाय, त्यामुळं ती उडत होती. ट्रक वळणावर दिसला. वर ताडपत्री. तात्यासाहेब म्हणाले, "झाकून आणलंय, चांगलं केलं. उन्हानं आटतं." पिसाळ खाली उतरले: गोरे, गुबगुबीत, गांधी टोपी. उतरताच हार गळ्यात पडला. शाल पडली. हातात नारळ आला. तात्यासाहेबांनी 'दुष्काळात धावून आलेले पुण्याचे भगीरथ' इथून सुरुवात करून धरणाच्या इतिहासापर्यंत भाषण नेलं. पिसाळ डोळे पुसत होते. मी जरा पुढं सरकलो, फोटोत यावं म्हणून.

"एवढा मान आजवर कुणी दिला नाही," पिसाळ म्हणाले. "बरं, आलं कुठंय?"

तात्यासाहेब खो खो हसले. "हाच प्रश्न आम्ही रोज एकमेकांना विचारतो!"

"म्हणजे आलं नाही?"

"नाही ना!"

"हे तर फोनवर म्हणाले, आलं."

"तेव्हा आलं होतं," मी म्हटलं. "गेलं."

"कुणाला गेलं?"

"सगळ्यांनी भरलं."

"मग मला कशाला बोलावलं?"

"तुम्ही आणलंय ना!"

"मी कशाला आणू? मी न्यायला आलोय!"

 पारूबाईंनी हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि खांड हाकायच्या आवाजात विचारलं, "आमच्या तोंडचं पानी पुन्याला न्यायला आला व्हय रं तू?"

"पाणी?" पिसाळ ट्रकला टेकले. "बाई, पाण्याचं काय? मला आलं पाहिजे! आलं!" आणि त्यांनी डाव्या अंगठ्यावर उजव्या हाताचं नख खरवडून दाखवलं. "चहात घालतात ते! किसून!"

मिनिटभर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग कय्युमभाईंनी कपाळावर हात मारला. "अद्रक! अरे बाप रे, अद्रक! मियाँ, सीधा अद्रक बोलना ना, कायकू आलं आलं कर रए?"

आता सांगा. आमच्याकडं त्याला अद्रक म्हणतात. माझ्या आईनं अद्रक म्हटलं, बायको अद्रक म्हणते, भाजीवाला अद्रक म्हणतो. तुमच्या पुण्याकडं त्याला दुसरं नाव असेल, आणि ते नाव आमच्या नळाचं क्रियापद असेल, हे मला कुठल्या अटीत लिहिलेलं होतं? पण कॉलनी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तात्यासाहेबांनी सगळ्यांसमोर मागणी केली, की वेबसाईटवरून त्यांचा फोटो तात्काळ उतरवावा. कुणीतरी म्हणालं, "रामहरीभाऊ, आम्ही ड्रम घासले हो तुमच्या भरवशावर." हे मात्र लागलं. चिडून बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. मला खरोखर गल्लीतल्या खड्ड्यात शिरावंसं वाटलं आणि खड्डे भरपूर होते.

वाट काढली पारूबाईंनी. "माझा भाऊ हाय केरबा, सिल्लोडच्या अंगाला. त्याच्या रानात लई अद्रक. ह्या पावन्याला तिकडं न्या."

तात्यासाहेबांमधला महसूल खात्याचा माणूस जागा झाला. "ज्याच्या रानात अद्रक, त्याच्या विहिरीत पाणी असलंच पाहिजे. ट्रक रिकामाच निघालाय. सगळ्यांचे ड्रम चढवा. जाताना ड्रम, येताना पाणी."

पिसाळांनी तोंड उघडलं. पण गळ्यात अजून हार होता, आणि हार घातलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. ड्रम चढायला लागले. मी आमचा ड्रम उचलायला घरात गेलो तर बायको त्याच्यापुढं उभी.

"हा न्यायचा नाही. आज-उद्या आपली पाळी आहे."

"पाळी असली तर सांडूचा मिस्ड कॉल येईल," मी शांतपणे म्हणालो. अपमानानंतर माणसानं शांतच बोलावं. "सिस्टीम आहे माझी."

"आणि हुकलं तर?"

"तर कोपरा तुझा."

ती बाजूला झाली. इतक्या लगेच, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ड्रमांनी भरलेला ट्रक सिल्लोडच्या रस्त्याला लागला. पुढं पिसाळ, मी आणि कय्युमभाई. मागं ड्रमांच्या मधे तात्यासाहेब, कारण पुढं जागा नव्हती आणि देखरेखीला कुणीतरी हवं होतं. माझा फोन सारखा कुंई करून गप्प होत होता. मिस्ड कॉल. अजून एक. अजून एक. त्या मोफत यादीनं माझा नंबर कुठं कुठं पोचवला होता कोण जाणे. नाशिकहून, सोलापूरहून, सगळ्या महाराष्ट्राला अचानक आलं हवं होतं. पिसाळ फोनकडं संशयानं बघायला लागले. "दुसऱ्या पार्टीशी बोलणं चालू नाही ना?" मी फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवला.

केरबा बांधावरच भेटला. पिसाळ उतरून म्हणाले, "आलं!"

"व्हय, आले की तुमी," केरबा म्हणाला. "बसा."

पुढचं कय्युमभाईंनी समजावलं आणि अद्रकाचा सौदा बघता बघता जमला. ड्रम पोचवून परत आल्यावर माल भरायचं ठरलं. पिसाळ मातीतून एक गड्डा उपटून वास घेत म्हणाले, "हे खरं आलं!" माझ्याकडं न बघता म्हणाले, पण मला समजलं. मग तात्यासाहेबांनी, अंगावर ड्रमांचे वळ घेऊन, पाण्याचा विषय काढला.

"पानी?" केरबा हसला. "अद्रकाला नळीनं थेंब थेंब पाजतोय. तुमचा येक ड्रम भरला, तर माझा येक वाफा मेला. तुमीच सांगा, कंचा मारू?"

 उलट आम्हीच त्याची माफी मागितली. त्यानं प्रत्येक घराला म्हणून थोडं थोडं अद्रक ड्रमात टाकून दिलं, माणूस चांगला. मी जरा बाजूला जाऊन फोन काढला. पडद्यावर मिस्ड कॉलची भली मोठी यादी. पुणं, नगर, अनोळखी, अनोळखी, सांडू, नाशिक, सांडू, सोलापूर, सांडू.

 तेवढ्यात घरून फोन आला. हा मिस्ड नव्हता.

"अहो, आलं."

"हो, हो, मिळालं," कय्युमभाई ऐकत होते म्हणून मी उत्साहानं म्हणालो. "ताजं आहे, पिसाळ खूश आहेत."

"ते नाही हो! आलं! नळाला आलं! एवढं जोरात वर्षात आलं नसेल!"

"मग भर ना!"

"कशात?"

एवढा एकच शब्द. मी मागं वळून बघितलं. अख्ख्या कॉलनीचे ड्रम ट्रकमध्ये ओळीनं उभे होते, घासून लख्ख केलेले, आणि प्रत्येकाच्या तळाशी मूठ-मूठ अद्रक. तात्यासाहेबांना कसं सांगावं ते कळेना, म्हणून मी कय्युमभाईंना सांगितलं आणि त्यांनी तात्यासाहेबांना.  ते एका रिकाम्या ड्रमात डोकावून बघत राहिले, जणू त्यात कुणाचा पत्ता आहे.

 परतीच्या वाटेवर बोलले ते फक्त पिसाळ, आल्याच्या चटणीबद्दल.

घरी पोचलो तेव्हा नळ बंद झाला होता. आत गेलो आणि दारातच थांबलो. कुकर भरलेला. परात भरलेली. पीठ वर्तमानपत्रावर ओतून पिठाचा डबा भरलेला. माझे जेवणाचे डबे, गरम पाण्याची पिशवी, फुलदाणी, गणपतीचं आसन ठेवायचं पितळी घंगाळ, सगळं काठोकाठ. शहजादीभाभींची बिर्याणीची देग अख्ख्या गल्लीनं मिळून भरली होती आणि पारूबाईंची शेळ्यांची पाटी शेळ्यांना न देता आत घेतली होती. आणि कोपऱ्यातलं टेबल रिकामं. 

मग दिवाण दिसला. मॉनिटर उशीवर आडवा झोपवलेला, अंगावर माझी चादर. सीपीयू त्याच्या शेजारी. आणि ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून तो कधीकाळी आमच्या घरी आला, ती दोन्ही खोकी टेबलाखाली पाण्यानं भरलेली.

"भिजू नये म्हणून हलवला," बायको म्हणाली. घामानं आणि पाण्यानं ती पदरापर्यंत ओली झाली होती. "तुमचा जीव आहे ना त्याच्यात."

मला फार वाईट वाटलं. तसं मी म्हणालोही. ती म्हणाली, "ते राहू द्या. पाहुण्याला आत बोलवा."

पिसाळ ड्रम उतरवून आत आले. शाल अजून अंगावर होती. बायकोनं कुकरमधलं पाणी मोजून पातेल्यात घेतलं आणि चहा ठेवला. पिसाळ जरा संकोचून म्हणाले, "वहिनी, तेवढं आलं घाला."

"आलं आणि गेलं पण," बायको म्हणाली. "अद्रक आहे. ते घालू?"

असा चहा आमच्या घरात त्याआधी झाला नाही. पिसाळ आजही दर हंगामात केरबाकडं येतात, आमच्याकडं चहाला थांबतात, आणि दारातून आत येताना मुद्दाम विचारतात, "आलं का?" वेबसाईट मी बंद केली. म्हणजे बंद करून परत चालू केली नाही.

कोपऱ्याचं काय झालं? शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी टेबल गेलं आणि तिथं नवा कोरा निळा ड्रम बसला. संगणक दिवाणावर पडून राहिलेला बघवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी बायकोनंच ड्रमाचं झाकण पुसलं, त्यावर आईचं लोकरी आसन घातलं आणि मॉनिटर वर मांडला. मी आता तिथंच स्टूल ओढून काम करतो. उंची बरोबर आहे, फक्त की-बोर्डखालून डुबुक डुबुक ऐकू येतं. मला एखादी अट वाचायची असते, एखादं अपडेट अर्ध्यावर असतं, आणि बायको तांब्या घेऊन मागं येऊन उभी राहते. पूर्वी ती डबडं म्हणायची. आता म्हणत नाही. ती फक्त म्हणते, "सेव्ह करा."